पहिल्या मालकिणीची गाडी

पुढच्या सीटवर ती आणि आमचे हे. मागच्या सीटवर मी आणि माझ्या सासूबाई. गाडी अंकलीच्या पुलाकडं निघाली होती आणि चालवत होती ती.

"क्लच अगदी हलका आहे बघा," ती म्हणाली.

यांनी मान डोलावली. मग अॅव्हरेजचं विचारलं, तिनं सांगितलं, पुन्हा मान डोलावली. माझ्या बोलण्यावर यांची मान इतकी कधी डोललेली मी बघितली नाही. शेजारी सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, सीटवरून हात फिरवत तिच्याकडं असं कौतुकानं बघत होत्या की जणू पोटची पोर विमान चालवतेय.

मागून मला फक्त दोघांची डोकी दिसत होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, नवरा-बायको पुढं बसलेत आणि म्हातारीला सोबत म्हणून मागं कुणी बाई घेतलीय. ते मनात आलं आणि मी काच खाली केली. काच बटणावर होती, जराही आवाज न करता खाली गेली. त्या गाडीत काही म्हणजे काही कुरकुरत नव्हतं, माझ्याशिवाय.

हे सगळं अर्ध्या तासात उपटलं होतं. गाडी घ्यायची हे आमच्या घरी केव्हाच ठरलं होतं. आत्तींचे गुडघे गेलेले, त्यांना उंच गाडीत चढवत नाही, आणि माहेरी कुरुंदवाडला जाताना माझं शिवणाचं सामान छोट्या गाडीत मावत नाही. तेव्हा डिकीवाली गाडी, हे नक्की. अडलं होतं पुढं. यांचा पाटबंधारे खात्यातला पगार आणि माझा शिवणक्लास मिळून जे जमत होतं, त्यात एक तर नवी कोरी, पण सगळ्यात खालच्या मॉडेलची मिळणार, नाहीतर जुनी, पण सगळ्या सोयींची. मी जुनीच्या बाजूची होते. मिरज-सांगलीच्या उन्हात थंडगार बसायला मिळत असेल तर पहिला मालक कोण होता याच्याशी मला काय करायचंय, असं मीच यांना ऐकवलं होतं.

यांच्या ऑफिसातल्या एकानं विश्रामबागेतला पत्ता दिला. नवरा मस्कतला गेलाय, बाई आणि मुलं आता जाणार, गाडी एका हातातली, चांगली ठेवलेली. आम्ही तिघं रिक्षानं गेलो. दार उघडलं आणि आत्तींनी चष्मा सारखा करून विचारलं, "तू जयसिंगपूरच्या बोरगाव्यांची जयमाला का गं?"

मी पायरीवरच थांबले.

ही जयमाला कोण ते सांगते. माझं लग्न ठरायच्या वेळी मगदूम मंडळी मला बघून गेली, 'कळवतो' म्हणाली, आणि पुढं कितीतरी दिवस काही कळवलंच नाही. माझ्या वडिलांनी आशा सोडली होती. मग एकदम होकार. लग्नानंतर हळूहळू कानावर आलं की मधल्या काळात त्यांनी जयसिंगपूरला बोरगाव्यांची मुलगी बघितली होती. सगळ्यांच्या मनात भरली होती. पण नकार तिकडून आला. म्हणून मग मी.

आत्तींनी हे मला विसरू दिलं नाही. आमटी खारट झाली की जयमाला निघायची. ती बीएस्सी होती. ती पेटी वाजवायची. तिचा रंग असा की कुठलाही रंग नेसली तरी शोभून दिसावी. आत्तींच्या तोंडी वाईट काही नसायचं, नुसता सुस्कारा असायचा, आणि मला तो सुस्काराच जास्त झोंबायचा. पंधरा-सोळा वर्षं मी एका न बघितलेल्या बाईवर जळत होते. डोळ्यांपुढं चेहरा नसला की माणूस नीट जळूही शकत नाही. आता चेहरा मिळाला होता, आणि आत्ती खोटं बोलत नव्हत्या. बाई खरंच देखणी होती. वर गाडीही स्वतः चालवत होती.

परत बंगल्यावर आलो. यांनी बॉनेट उघडलं, डिकी उघडली, टायर बघितले. ती शेजारी उभी राहून सांगत होती. मी मागच्या सीटवरच बसून राहिले आणि कव्हरांची शिलाई तपासली. माझा धंदाच तो. एखादा टाका उसवलेला सापडला असता तर मी वाडीच्या देवळात जाऊन पेढे वाटले असते. एकही सापडला नाही. आतून दुहेरी शिलाई, कोपरे व्यवस्थित दुमडलेले. आत्ती तोवर आत बसून तिच्या हातचा बेसनाचा लाडू खात होत्या आणि तिच्या मुलांची नावं विचारत होत्या.

निघताना मी यांच्या तोंडाकडं बघत होते. यांच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. हा माणूस लग्नाच्या आधी आणि नंतर मिळून माझ्याशी जेवढं बोललाय ते एका पोस्टकार्डावर मावेल. मी कशी दिसते, माझ्या हातचं कसं लागतं, यातलं काही यांनी कधी म्हटलेलं नाही. ते मी स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. पण त्या दिवशी वाटलं, स्वभाव कसला, मनातली जागाच भरलेली असेल तर माणूस बोलेल कशाला?

रात्री जेवताना हे म्हणाले, गाडी फारच चांगली आहे. मी म्हटलं, आपण नवी घेऊ.

"परवापर्यंत तर तू जुनीच म्हणत होतीस."

"दुसऱ्यानं बसलेल्या सीटवर मला बसवत नाही."

"एसटीतून तर जातेस," हे म्हणाले. चेष्टा म्हणून नाही, खरंच शंका आल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी यांना शोरूममध्ये घेऊन गेले. तिथली ती खालच्या मॉडेलची गाडी बघून यांचा चेहरा पडला. काचा हातानं फिरवायच्या. आरसा बाहेर हात घालून सरकवायचा. टेप नाही, नुसतं भोक. मी मात्र अशी काही तारीफ केली की विकणारा पोरगाही माझ्याकडं बघायला लागला. हाताच्या काचा बिघडत नाहीत. टेप काय, माझ्या पोरीला अभ्यासातून ऐकायला वेळ आहे का? येताना स्कूटरवर हे एवढंच म्हणाले, "तिच्या गाडीचं इंजिन फार चांगलं ठेवलंय."

'तिच्या.' घरी येईपर्यंत मी तो शब्द चावत बसले होते.

मग आठवडाभर आमच्याकडं तेच. हे जुनीचं काढायचे, मी नवीचं. आत्ती जुनीच्या बाजूनं, आणि कारण गाडी नव्हतंच. "चांगल्या घरची वस्तू आहे," म्हणायच्या. "त्या वेळी योग नव्हता, आता निदान गाडी तरी येऊ दे घरात." मी शिवणयंत्रावर बसून हे ऐकायचे आणि सुई मोडायची. दोनदा बोटात गेली. एका पोरीच्या परकराला उलटी लेस लावली. एकदा तर माझ्या मनात आलं की हे पुन्हा गाडी बघायला म्हणून तिकडं जातील, एकटेच. आणि ते खरंच गेले. मेकॅनिकला घेऊन गेले होते, पण मला त्याचं काय? मी त्या संध्याकाळी यांना जेवायला वाढलं आणि एक अक्षर बोलले नाही. यांच्या ते लक्षात आलं की नाही देव जाणे.

तेवढ्यात रविवारी तिचाच फोन आला. आत्तींनी उचलला, गोड गोड बोलल्या, आणि मग आश्चर्यानं फोन माझ्याकडं दिला. ती मलाच मागत होती.

"वहिनी, तुम्ही एकट्या याल का? गाडी घरातल्या बाईनं नीट बघायला पाहिजे. त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मी लग्नाकार्याची साडी नेसून गेले. का विचारू नका. ती साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होती, हाताला पीठ लागलेलं, आणि तरी तीच बरी दिसत होती. बसा म्हणाली, मी पुढं बसले. कुपवाडच्या बाजूला मोकळा रस्ता आहे, तिकडं तिनं गाडी घेतली. मी ठरवून गेले होते, एक तरी खोट काढायची आणि तोंडावर सांगायची.

"त्या दिवशी मागं बसून तुम्ही माझ्या मानेकडं बघत होतात," ती म्हणाली. "आरशात दिसत होतं सगळं."

मी पदर सारखा केला.

"तुमच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे वहिनी. मी आता जातेच आहे, परत सांगलीला कधी येईन माहीत नाही. म्हणून विचारते. मी मगदुमांना नकार दिला होता, ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे की," मी म्हटलं. "तुम्ही नाही म्हणालात, म्हणून तर मी आहे."

तिनं गाडी हळू केली आणि रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. माझ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं नवल होतं.

"तुम्हाला त्यांनी सांगितलंच नाही?"

"काय?"

"नकार त्यांनी मला द्यायला लावला."

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. तिनं मग सगळं सांगितलं. मगदूम मंडळी जयसिंगपूरला तिला बघायला आली. पोहे झाले, प्रश्न झाले, मग तिच्या काकांनी म्हटलं, मुलामुलीला काही बोलायचं असेल तर बोलू द्या. दोघांना गच्चीवर पाठवलं. गच्चीवर पापड वाळत घातले होते. हे लांब उभे राहिले, आणि पापडांकडं बघत बोलले.

"काय बोलले?"

"म्हणाले, मागच्या आठवड्यात कुरुंदवाडला एक मुलगी बघितलीय. मला तीच पाहिजे. आईला ती उद्धट वाटली, आईनं तुम्हाला आधीच मनात पक्कं केलंय. मी नाही म्हटलं तर आई ऐकणार नाही. पण नकार तुमच्याकडून आला तर काही इलाज राहणार नाही. माझ्यासाठी एवढं करा." ती हसली. "मी विचारलं, काय केलं त्या मुलीनं एवढं? तर म्हणाले, माझ्या मामांनी तिला चालून दाखव म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, आधी तुमचा मुलगा चालून दाखवू दे. म्हणाले, मी उठून चालून दाखवलंही असतं, पण आई शेजारी होती."

हे मी म्हटलं होतं. शब्दन्‌शब्द खरं. त्या रात्री माझी आई रडली होती, हे स्थळ हातचं गेलं म्हणून. खोलीत जो मुलगा खाली मान घालून बसला होता तो ते ऐकत होता, हेच मला ठाऊक नव्हतं.

"मला फार राग आला होता," जयमाला म्हणाली. "सकाळपासून नटून बसले होते मी. पण माणूस खरं बोलत होता, आणि असा घाबरला होता की त्याची दयाच आली. वडिलांना सांगितलं, मला मुलगा पसंत नाही. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तुमच्या सासूबाईंनी तेव्हा रागानं चार घरी सांगितलं की मुलगी नखरेल आहे. पुढं दोन-तीन वर्षं स्थळ म्हणून येईना. नंतर चांगलं झालं सगळं, पण ते दिवस वाईट गेले."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कबूल केलं होतं ना. आणि सांगून काय सांगायचं, मुलगा दुसरीसाठी माझ्या पाया पडायला आला होता?" थोडा वेळ ती स्टिअरिंगवरचं पीठ पुसत राहिली. "राग गेला. हेवा मात्र गेला नाही, वहिनी. अशी कोण मुलगी असेल, सारखं वाटायचं. परवा दार उघडलं तेव्हा मी तुमच्या सासूबाईंना ओळखलंही नाही. ओळखलं ते मगदुमांना, आणि मग पहिल्यांदा बघितलं ते तुमच्याकडं."

गाडी छान आहे, एवढंच मी म्हटलं. बंगल्यापाशी परत आल्यावर तिनं मला गाडीनंच घरच्या कोपऱ्यावर सोडायचं म्हटलं, पण मी नको म्हटलं. मी चालत निघाले.

आधी इतका आनंद झाला की कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून मी दोन गजरे घेतले. मी दुसरी नव्हते. मी पहिलीच होते, आणि तिला तसं सांगून नकार मागितला होता. सगळ्या आमट्या, सगळे सुस्कारे, सगळं फुकटचं जळणं. मला वाटलं घरी जावं आणि यांच्या गळ्यातच पडावं.

पण अर्ध्या वाटेवर आनंद ओसरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं. 'मला तीच पाहिजे.' हे वाक्य यांनी म्हटलं होतं. तिला म्हटलं होतं. पापडांकडं बघत का होईना, तिनं ते आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि आज इतक्या वर्षांनी तिला ते पाठ होतं. मला ते कुणी म्हटलं नव्हतं. मी ते वाक्य तिच्याकडून ऐकलं, वापरून झालेलं. रंगाचा नाही, पेटीचा नाही, गाडीचा तर नाहीच नाही, पण त्या एका वाक्याचा मला असा हेवा वाटला की आधीचं सगळं जळणं त्यापुढं काहीच नव्हतं.

घरी आले तेव्हा हे अंगणात स्कूटर पुसत होते. आत्ती आत टीव्हीपुढं होत्या.

"जयमालाला गच्चीवर काय सांगितलं होतंत?" मी विचारलं.

यांचा हात थांबला. फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

"तिनं सांगितलं?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून तिनं सांगितलं."

"हळू बोल," हे आतल्या बाजूला बघत म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं तुमच्या आईनं तिच्या नावानं मला सोललं. तुम्ही शेजारी बसून जेवत होता."

हे खरंच विचारात पडले. मी यांना ओळखते, ते टाळत नव्हते.

"अगं, तू आलीस की घरात," ते म्हणाले. "मग सांगायचं काय राहिलं?"

यावर भांडावं की रडावं मला कळेना. मी गजरे स्कूटरच्या सीटवर ठेवले.

"गाडी नवी घ्यायची," मी म्हटलं.

"अजूनही? पण आता तुझा गैरसमज गेला ना?"

"गेला. म्हणूनच."

यांना काही कळलं नाही, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण मान डोलावली. उद्या शोरूमला जाऊ म्हणाले.

आत्ती तेवढ्यात दारात आल्या. शोरूम हा शब्द त्यांनी बरोबर ऐकला होता. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. इतकी चांगली गाडी सोडतोस, बायकोच्या हट्टापायी सोडतोस. आणि मग नेहमीचा तो सुस्कारा. "तुझ्या नशिबातच नाही रे. तेव्हाही जयमाला अशीच हातची गेली."

मी आत जायला वळले होते. इतकी वर्षं ज्या जागी मी आत जायला वळत होते, तिथंच.

"आई," हे म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "ती हातची गेली नाही. नकार दे म्हणून मीच तिला सांगितलं होतं. मला त्रिशलाच पाहिजे होती."

आत्ती भिंतीला धरून हळूहळू पायरीवर बसल्या.

"मग मी त्या पोरीला गावभर नखरेल म्हणत फिरले, ते?"

आत्तींनी माझ्याकडं बघितलं, पदरानं चष्मा पुसला आणि यांना म्हणाल्या, "आधी का नाही बोललास?" त्या दिवसानंतर आमच्या घरात जयमालाचं नाव निघालं नाही. महिन्याभरानं ती मस्कतला गेली. तिची गाडी इचलकरंजीच्या कुणीतरी घेतली. आमची नवी आली, हातानं काचा फिरवायची, आणि आत्ती तिच्यात बसून कुंभोजला, वाडीला, सगळीकडं फिरल्या.

पण त्या संध्याकाळी मी दारात उभी होते, आणि यांची पाठ माझ्याकडं होती. 'मला त्रिशलाच पाहिजे होती' हे यांनी आईकडं बघून म्हटलं. मग फडकं उचललं आणि स्कूटरचं पुढचं चाक पुसायला बसले.

म्हणजे एकदा त्यांनी जयमालाला सांगितलं, एकदा आईला. आता आत्तीही गेल्या, आमची मुलगीही सासरी गेली, घरात आम्ही दोघंच असतो. मला अजून सांगितलेलं नाही.